लय पळते, हे सांगताना

कोकणी भजनात पखवाजवादकाची खरी पारख होते ती गजरात. स्तवन, रूपाचा अभंग, त्यापुढचे अभंग, इथवर लय बेताची असते. एखादा हात कच्चा असला तरी पेटी आणि मागे म्हणणारे दहा-बारा गळे त्याला सांभाळून घेतात. गजर सुरू झाला की ही सोय संपते. देवाच्या नावाची एक छोटीशी ओळ पुन्हा पुन्हा, आधी सावकाश, मग मुख्य गायक असलेल्या बुवांनी मान हलवली की एक पायरी वर, मग आणखी एक. लय चढवणं कुणालाही जमतं, अंगात उत्साह असला की ती आपोआप चढते. चढलेल्या पायरीवर बुवा म्हणतील तितका वेळ तिला धरून ठेवणं हे पखवाजवाल्याचं काम, आणि ते फार कमी जणांना साधतं.

मी मुंबईच्या उपनगरातल्या अशाच एका मंडळात पेटी वाजवतो. मंडळी बहुतेक सिंधुदुर्गातली. वर्षभर शनिवारी रात्री सराव, श्रावणात एक-दोन सप्ताह आणि भाद्रपदात जमतील तितकी माणसं गावाला. तिथे रात्रभर घरोघरी गणपतीपुढे भजन, प्रत्येक घरी चहा, कुठे उसळ, कुठे करंज्या. पैसे कुणालाच मिळत नाहीत, उलट वर्गणी भरावी लागते. आमचे पखवाजवादक, ज्यांना लहानथोर सगळे काका म्हणतात, ते नोकरीतून निवृत्त झालेले. सराव त्यांच्याच घरात चालायचा. पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, फाटली तर ते स्वतःच्या खिशातून बदलून आणत, आणि पुडी काही स्वस्त नसते.

वाद्याची त्यांच्याइतकी निगा राखणारा माणूस मी पाहिलेला नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावतात. तिच्या वजनाने चामडं जड होतं आणि तो खोल घुमणारा आवाज मिळतो. कणीक जास्त झाली की आवाज बसतो, कमी झाली की पोकळ येतो, आणि वाजवता वाजवता सुकली की चढतो. काका ती भाकरीच्या पिठासारखी तळहातावर मळून घेत, पुडीच्या मधोमध थापत, कडा अंगठ्याने दाबत, एकदा थाप मारून ऐकत आणि नखाएवढा तुकडा काढून पुन्हा ऐकत. सुकू लागली की दोन गाण्यांच्या मधे पाण्याचं बोट फिरवत. मग उजवी बाजू. ऐन पावसाळ्यात चामडं सर्दाळून सूर उतरतो, म्हणून हातोडीने वादीखालचा एकेक लाकडी गट्टा ठोकत, पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हलके घाव घालत, पेटीवरच्या काळी चारला शाई अशी मिळवत की मला पुन्हा स्वर द्यावा लागत नसे. त्यांचे बोलही स्वच्छ. ‘धा’ आणि ‘ता’ यांच्यात गफलत नाही, ‘तिटकत गदिगन’ ऐकताना एकेक अक्षर वेगळं मोजता यावं.

पण काकांची लय पळायची.

हे नेमकं कसं होतं ते पेटीवर बसलेल्याला फार जवळून दिसतं. आठ मात्रांचा भजनी ठेका. लय दुप्पट झाली की काकांचे खांदे वर यायचे, मनगटाचं काम कोपर करू लागायचं. डावी थाप समेच्या किंचित आधी पडायची, अगदी केसभर. पुढच्या आवर्तनात तो केसभराचा फरक जमेला धरूनच वाजवणं सुरू, म्हणजे नवी सम आणखी आधी. चकी, म्हणजे लहान झांज, वाजवणारा आमचा पक्का, तो जुन्या लयीला चिकटून राहायचा. मग मागची अर्धी माणसं चकीबरोबर आणि अर्धी पखवाजाबरोबर. पखवाजाचा आवाज मोठा, त्यामुळे शेवटी चकीच हार मानायची. असं करत गजर बुवांनी मनात धरलेल्या लयीच्या पुष्कळ पुढे निघून जायचा.

श्रोत्यांना यातलं काहीच कळत नाही. त्यांना ऐकू येतो तो बुवांचा गळा. लय पळाली की ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला जागा उरत नाही. बुवा शब्द गिळतात, वरच्या षड्जावर आवाज फाटतो, कोरस धापा टाकतो. भजन संपल्यावर ओटीवरची माणसं म्हणतात, बुवांचा आवाज आज बसलेला वाटला. काकांना मात्र शाबासकी मिळते, कारण हात जोरात चालताना दिसतो. चूक एकाच्या हाताची आणि तिचा दोष दुसऱ्याच्या गळ्यावर. काकांना कुणी काही सांगत नव्हतं त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. त्यांच्या कानापर्यंत त्यांची चूक कधी पोचतच नव्हती.

शिवाय मंडळाची रीत. व्यावसायिक संगीतात हा प्रश्न सरळ असतो. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, पुढे तिथे अहमदजान थिरकवाँसारखा तबलिया नोकरीवर होता. कंपनी माणूस ठेवते, तशी काढूही शकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसलात तर परक्या गावचा परीक्षक कागदावर गुण लिहून मोकळा होतो. आळंदीला मृदंग शिकणाऱ्या पोराला गुरुजी भर वर्गात थांबवतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. भजनी मंडळात मालक नाही, परीक्षक नाही, गुरू नाही. तिथे शेजारी आहेत, एकाच गावचे भाऊबंद आहेत, एकमेकांच्या मुलींच्या लग्नात पंगत वाढलेली माणसं आहेत. म्हणून आमच्याकडे कारणं काढली जायची. आज माईकचा आवाज घुमत होता. आज कोरसला माणसं कमी पडली. डबलबारीचं, म्हणजे दोन मंडळांच्या भजनी सामन्याचं, आमंत्रण आलं तेव्हा काकांना न कळवता परस्पर दुसरा पखवाजवाला ठरवायचा घाटही एकदा घातला गेला. बुवांनी तो मोडून काढला. ते म्हणाले, न सांगता माणूस बदलणं म्हणजे त्याला जिवंतपणी घराबाहेर काढणं, मी ते करणार नाही.

पुढचे काही शनिवार बुवांनी जे केलं त्याबद्दल मला फार आदर आहे. काकांशी बोलण्याआधी त्यांनी स्वतःची खात्री करून घेतली. लय पळते ती नक्की कुणाची? आधी चकी बंद ठेवून तोच गजर घेतला. लय तरीही पळाली, म्हणजे चकीचा दोष नव्हता. पेटीवर मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण केलं आणि घरी मेट्रोनोमच्या ठोक्यावर ताडून पाहिलं. अभंगात लय जागेवर, गजराच्या पहिल्या पायरीवर जागेवर, दुगुणीत काही आवर्तनांतच पुढे. ते स्वतः गाताना घाई करतात का, हेही त्यांनी त्याच मुद्रणात कान देऊन तपासलं. आमच्याच एका सभासदाचा मुलगा पखवाज शिकतो, त्याला एका शनिवारी सहज म्हणून बसवलं. हात त्याचा काकांइतका गोड नाही, कणीक तर त्याने फारच जाड लावली होती. पण गजर सरळ उभा राहिला.

मग एक गोष्ट त्यांनी केली ती मला फार मोलाची वाटते. काकांना त्यांनी ठेका हाताने न वाजवता तोंडाने म्हणायला लावला, मांडीवर टाळी धरून. याला पढंत म्हणतात. पढंतीतही लय पळत असेल तर ती मनातच पक्की नाही, तिथून सुरुवात करावी लागते. पढंत स्थिर आणि हात पळत असेल तर दोष हाताच्या सवयीचा असतो. जोर वाढला की स्नायू आवळतात, आवळलेला हात लवकर परततो आणि वेळ आखडतो. काकांची पढंत दुगुणीतही घड्याळासारखी स्थिर होती. डोळे मिटून, मान डोलावत, एकही मात्रा इकडची तिकडे न करता त्यांनी ती म्हटली. म्हणजे माणसाच्या आत लय होती. हातात उतरत नव्हती. हे रियाजाने सुधारतं, पण महिनोन्‌महिने ठाय, म्हणजे संथ लयीत, बळ न लावता वाजवत बसावं लागतं. चाळीस वर्षांची सवय गणपतीपर्यंतच्या दीड महिन्यात सुटणारी नव्हती. बुवांना आता काय सांगायचं ते नेमकं ठाऊक झालं होतं. ‘तुम्हाला येत नाही’ हे ते सांगणार नव्हते, कारण ते खरंच नव्हतं.

जागाही त्यांनी विचार करून निवडली. सगळ्यांसमोर नाही, फोनवर नाही आणि गावाला निघायच्या तोंडावर तर नाहीच. सराव संपून मंडळी पांगली, काका नेहमीप्रमाणे चमच्याच्या पाठीने पुडीवरची कणीक खरवडत बसले होते. बुवांनी मला थांबायला सांगितलं होतं. एकट्याने सांगितलं तर भांडण वाटेल आणि सगळ्यांनी मिळून सांगितलं तर पंचायत, म्हणून तिसरा एकच माणूस.

बुवा म्हणाले, “काका, तुमचे बोल स्वच्छ आहेत, मिळवणं तुमच्यासारखं कुणालाच जमत नाही. पण गजरात दुगुणीला तुमची लय पळते. माझा श्वास तुटतो, कोरसचाही तुटतो. या गणपतीत गजराला तुम्ही बसू नका.”

एवढंच. आधी इकडचं तिकडचं नाही, नंतर सारवासारव नाही. काकांचा हात थांबला नाही, ते कणीक काढत राहिले. मोबाइलवरचं मुद्रण ऐकवू का, असं बुवांनी विचारलं. काका नको म्हणाले. मग ऐकव म्हणाले. दुगुण सुरू झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला, आणि काही आवर्तनांनी हात उचलून घेतला.

“कोणाकोणाक ठावक आसा?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांक.”

“मगे इतके दिवस कोणच कसो बोललो नाय?”

“तुमच्याच घरात बसान तुमकाच कोण सांगतलो?”

काकांनी पुडी ओल्या फडक्याने पुसली, पखवाजाला खोळ चढवली आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. चहा पिताना ते एक अक्षर बोलले नाहीत.

त्यानंतरचे शनिवार सोपे गेले नाहीत. काकांच्या घरी जायला सगळ्यांचे पाय जड झाले, आणि कुणीतरी सराव देवळाच्या सभामंडपात हलवला. कारण दिलं जागेचं. माझ्या मते काकांना खरा धक्का बसला तो इथे. वाजवू नका हे त्यांनी ऐकून घेतलं होतं. घराचा उंबरा टाळणं मात्र त्यांना लागलं. माणसाची कला कमी पडते म्हणून त्याच्याशी असलेलं नातंही आवरतं घेण्याची जी घाई होते, तिने सत्य सांगण्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान होतं. चकीवाल्याने हे ओळखलं आणि सराव परत काकांच्या घरी आणला. कुणी काकांना टाळ देऊ केले. त्यांनी नकार दिला आणि तो मला योग्य वाटला. टाळ वाजवणारे आमच्याकडे पुरेसे होते. ती रिकामी जागा नव्हती, समजूत घालण्यासाठी बनवलेली जागा होती, आणि असली जागा ज्याला देतात त्याला ती लगेच ओळखू येते.

खरी गरज निघाली ती वाद्य मिळवण्याची. गजराला आता सभासदाचा तो मुलगा बसत होता. त्याची लय पक्की, पण सूर लावताना तो गट्टे वर-खाली करत बसायचा आणि पावसाळी हवेत शाई पुन्हा उतरायची. काका दोन शनिवार घरात असूनही सरावाला बसलेच नाहीत. तिसऱ्या शनिवारी येऊन कोपऱ्यात बसले आणि मुलाची तारांबळ बराच वेळ बघत राहिले. शेवटी उठून त्याच्या हातातली हातोडी घेतली. “गट्ट्यावर नको, आधी गजऱ्याक बघ,” एवढंच म्हणाले. कणीक किती लावायची ते मात्र त्यांनी त्याला लगेच सांगितलं नाही, स्वतःच लावली.

गावाला गणपतीत अभंगांना काका बसले. गजर आला की पखवाज मुलाकडे जायचा. पहिल्या घरी ही अदलाबदल करताना सगळेच अवघडले, कोरस मधेच थबकला, पेटीवर मी नुसता स्वर धरून राहिलो. तिसऱ्या-चौथ्या घरापासून लोकांना वाटू लागलं की ही आमच्या मंडळाची पद्धतच असावी. बुवांचा गळा पाचव्या रात्रीपर्यंत टिकला. काका खूश होते असं मी म्हणणार नाही. एका घरी यजमानांनी विचारलं, काका, गजर पोरावर का सोडलात? काकांनी सांगितलं, माझी लय पळते. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि यजमानांना त्यावर काय बोलावं ते सुचेना.

आता शनिवारी सराव झाला की मोबाइलवरचं मुद्रण सगळ्यांनी मिळून ऐकायचं असं ठरलं आहे. ज्याचं जिथे चुकलं तिथे तो स्वतः हात वर करतो, आणि न केला तर शेजारी बसलेला सांगतो. बुवांचा वरचा षड्ज दोनदा उतरला, तो काकांनी दाखवला. पेटीवर माझा डावा हात भाता ओढताना मधेच स्वर सोडतो, हे त्या मुलाने सांगितलं, जरा चाचरत. काका घरी रोज सकाळी ठाय लयीत ठेका धरून बसतात, काकू म्हणतात आता शेजारी वैतागलेत. दुगुण त्यांनी अजून घेतलेली नाही. येत्या वर्षी गजराला बसू का, असं त्यांनी बुवांना विचारलं होतं. बुवांनी सांगितलं, तोपर्यंत मुद्रणात लय थांबलेली ऐकू आली तर बसा, नाहीतर मी पुन्हा सांगेन.