इंजिन बदललेल्या मोटारीतील वातानुकूलन

मोटारीचे मूळ इंजिन काढून दुसरे बसवल्यानंतर, किंवा इंजिनात अथवा इंधनव्यवस्थेत मोठा फेरबदल केल्यानंतर, वातानुकूलन यंत्रणा कार्यक्षम राखण्यासाठी विशेष जुळवणी करावी लागते. ही यंत्रणा इंजिनाशी तीन दुव्यांनी जोडलेली असते: पट्टा, हवेचा प्रवाह आणि विद्युत संकेत. इंजिन बदलताना हे तिन्ही दुवे तुटतात. त्यांपैकी एक जरी नीट जोडला गेला नाही, तरी हिवाळ्यात ठीक वाटणारी गाडी उन्हाळ्यात निकामी ठरते. परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जेथे मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४२ ते ४५ °से. असते, हा दोष लहान मुले, वृद्ध व रुग्ण यांच्या प्रवासात धोकादायक ठरू शकतो.

पार्श्वभूमी

पेट्रोलपेक्षा डिझेल स्वस्त असल्याने जुन्या जीप व अँबेसेडर गाड्यांत डिझेल इंजिन बसवण्याची रीत ग्रामीण भागात दीर्घकाळ होती. त्यांपैकी बहुतेक गाड्यांत वातानुकूलन नसल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नसे. पुढे वातानुकूलन सर्वसामान्य गाड्यांतही आले. सीएनजी संच बसवताना इंजिन व पट्टा तेच राहतात. मात्र इंजिनाची शक्ती काहीशी घटत असल्याने कंप्रेसरचा भार अधिक जाणवतो.

कार्यपद्धती

कंप्रेसर प्रशीतक वायू दाबतो. गॅरेजात या वायूला नुसते 'गॅस' म्हणतात. दाबलेला तप्त वायू रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रवरूप होतो. प्रसरण झडपेतून जाताना त्याचा दाब घटतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होताना तो आतील हवेची उष्णता शोषून घेतो.

कंप्रेसर आणि पट्टा

इंजिन चालताना हलते, म्हणून कंप्रेसरचा आधार सांगाड्यावर न बसवता इंजिनावरच बसवावा लागतो. दोन्ही पुल्या एका सरळ रेषेत नसतील तर पट्टा आवाज करतो, झिजतो आणि निसटतो. डिझेल इंजिनाचे कंपन अधिक असल्याने आधार भक्कम आणि इंजिनाजवळच्या नळ्या लवचीक असाव्या लागतात. अन्यथा ॲल्युमिनियमच्या नळीला तडा जातो.

पुल्यांच्या व्यासांवरून कंप्रेसरचा वेग ठरतो. इंजिनाची पुली १५० मिमी आणि कंप्रेसरची १२० मिमी असल्यास कंप्रेसर इंजिनाच्या १.२५ पट वेगाने फिरतो. उभ्या गाडीत इंजिनाच्या मिनिटाला ८०० फेऱ्या होत असतील, तर कंप्रेसरच्या १,००० फेऱ्या होतात. ६,००० फेऱ्यांना त्या ७,५०० होतात. ४,००० फेऱ्यांपर्यंतच जाणारे डिझेल इंजिन बसवल्यास इंजिनाची पुली काहीशी मोठी ठेवता येते आणि उभ्या गाडीतील गारवा वाढतो. वेगवान इंजिनावर मात्र तीच मोठी पुली कंप्रेसरला निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे फिरवते.

कंडेन्सर आणि हवेचा प्रवाह

आर-१३४ए हा प्रशीतक ४५ °से. तापमानाला सुमारे ११.६ बार, तर ६० °से. तापमानाला सुमारे १६.८ बार निरपेक्ष दाबाखाली द्रवरूप होतो. बाहेरची हवाच ४४ अंशांची असेल, तर तिला उष्णता देण्यासाठी कंडेन्सरचे तापमान त्याहून बरेच अधिक लागते. त्यामुळे दाब वाढतो आणि कंप्रेसरला अधिक शक्ती लागते.

मोठ्या इंजिनाला मोठा रेडिएटर लागतो. त्यासाठी कंडेन्सर लहान केल्यास किंवा पंख्याभोवतीचे आवरण काढून टाकल्यास हवा पुरत नाही. मग केबिन गार होत नाहीच, शिवाय इंजिनही तापते. गाडी धावताना गारवा असणे आणि रेल्वे फाटकावर थांबताच तो नाहीसा होणे, हे अपुऱ्या पंख्याचे किंवा कमी फेऱ्यांचे ठळक लक्षण आहे. कापूस पिकवणाऱ्या परभणी जिल्ह्यात काळ्या मातीची धूळ आणि तंतू कंडेन्सरच्या पात्यांत अडकतात. त्यामुळे तो नियमितपणे धुणेही आवश्यक असते.

विद्युत संकेत

मूळ गाडीत वातानुकूलनाची कळ दाबताच इंजिनाचा संगणक आधी फेऱ्या किंचित वाढवतो आणि मग कंप्रेसरचा क्लच जोडतो. दुसऱ्या इंजिनाच्या संगणकाला हा संकेत मिळत नसेल, तर क्लच जोडताच इंजिन बंद पडू शकते. कार्ब्युरेटर किंवा जुन्या डिझेल पंपासाठी निर्वातावर चालणारे फेरीवर्धक साधन वापरतात. प्रशीतकाचा दाब फार कमी किंवा फार अधिक झाल्यास कंप्रेसर बंद करणारा दाबस्विच कोणत्याही जोडणीत वगळू नये.

प्रशीतक आणि तेल

नळ्या उघडल्यावर त्यांत हवा व बाष्प शिरते. म्हणून आर्द्रता शोषणारा ड्रायर नवा बसवून, निर्वात पंपाने यंत्रणा रिकामी करून मगच वजनाने प्रशीतक भरतात. कंडेन्सर किंवा नळ्यांची लांबी बदलल्यास बॉनेटखालील पट्टीवर छापलेले वजन लागू पडत नाही; दाब व तापमान मोजूनच योग्य प्रमाण ठरवावे लागते.

जुन्या गाड्यांतील आर-१२ वायू ओझोन थराला घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये टप्प्याटप्प्याने बंद झाला. आर-१३४ए ओझोनला हानी करत नाही. परंतु शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापवर्धक परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट असतो. म्हणून इंजिन काढण्यापूर्वी तो हवेत न सोडता यंत्राने काढून घेणे उचित ठरते. स्वयंपाकाचा गॅस प्रशीतक म्हणून भरणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

विद्युत मोटारीत रूपांतर

इंजिन काढून विद्युत मोटर बसवल्यास पट्टाच उरत नाही. बॅटरीवर चालणारा कंप्रेसर लागतो. त्यात नेहमीच्या पीएजी तेलाऐवजी विद्युतरोधक पीओई तेल वापरतात; चुकीच्या तेलाने विद्युतगळतीचा धोका संभवतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल, असा फेरबदल वाहनमालकाला करता येत नाही. इंजिन बदलण्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. परभणी जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच २२ या संकेतांकाने होते. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ए नुसार अनधिकृत फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.