बिडाला गेलेला तडा

बिडाचा तवा तापलेला असताना त्यावर गार पाणी ओतू नये, ही गोष्ट आपल्या घरातील कोणत्याही आजीला शिकवावी लागत नाही. तवा तडकतो आणि एकदा तडकलेला तवा पुन्हा सांधत नाही, हे तिने कधी तरी पाहिलेले असते. याच बिडाचा, परंतु शेकडो पटींनी अधिक गुंतागुंतीचा एक ठोकळा मालवाहू ट्रकच्या इंजिनाच्या माथ्यावर बसविलेला असतो. त्याला सिलिंडर हेड म्हणतात. मिस्त्री मंडळी नुसते ‘हेड’ म्हणतात आणि आम्हीही येथे तोच शब्द वापरणार आहोत. या हेडला तडा जातो तेव्हा काय होते, तो सांधता येतो काय, आणि सांधावा की न सांधावा, याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची चूल आजही एखाद्या जुन्या ट्रकवर पेटते. त्या घरांत हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही.

बेळगावच्या वाचकांना ओतकाम नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली येथे सायकलींचे दुकान थाटले, पुढे लोखंडी नांगर घडविले, आणि १९१० साली ते कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविण्यास निघून गेले. ते गेले तरी लोखंडाशी जडलेले या गावाचे नाते तुटले नाही. उद्यमबागेच्या परिसरात आज हिंडले तर ओतशाळा, लेथची दुकाने आणि इंजिनदुरुस्तीच्या कार्यशाळा जागोजाग दिसतात. अशाच एका लहानशा कार्यशाळेत, विषयाच्या जिज्ञासेने, आम्ही काही दिवस जाऊन बसलो. खाली दिलेली पुष्कळशी माहिती तेथे डोळ्यांनी पाहिलेली आहे.

तडा का जातो?

डिझेल इंजिनात इंधन पेटते त्या क्षणी आतील वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. हेडची खालची बाजू ही आग प्रत्यक्ष झेलते आणि सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापते. तिच्यापासून अवघ्या काही मिलिमीटरवर, हेडच्या पोटातील पोकळ वाटांमधून, ऐंशी-नव्वद अंशांचे पाणी खेळत असते. एकाच धातूची एक बाजू अग्नीत आणि दुसरी पाण्यात, अशी ही अवस्था असते.

तापलेला धातू प्रसरण पावतो. साधारण पाऊण मीटर लांबीचे, सहा सिलिंडरांवर बसणारे बिडाचे हेड तीस अंशांवरून शंभर अंशांवर गेले तर ते अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक वाढते. सर्व अंग सारखेच वाढले तर काही बिघडत नाही. परंतु दोन वॉल्व्हांच्या मधली अरुंद पट्टी आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या छिद्राभोवतीचा भाग सर्वांत अधिक तापतो. त्याला पसरायचे असते आणि भोवतालचा थंड भाग त्याला पसरू देत नाही. दाबला गेलेला तो भाग आतल्या आत किंचित चेपतो. इंजिन निवले की आता त्याला आकसायचे असते, आणि या वेळी तो ताणला जातो. असे तापणे-निवणे हजारो वेळा घडले की एखाद्या दिवशी तेथे केसासारखी रेघ उमटते.

बीड दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. त्यात कार्बनचे प्रमाण सुमारे अडीच ते चार टक्के असते आणि त्यातील बराचसा कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने धातूभर विखुरलेला असतो. ओढ बसली की या पापुद्र्यांच्या कडांपासूनच चीर धावू लागते.

हे सारे सावकाश घडते. त्याला वेग देणारी कारणे मात्र बहुधा माणसाच्या हातची असतात. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले की हेडच्या पोटात क्षारांचा थर बसतो. हा थर उष्णतेला इतका अडवतो की एक मिलिमीटर क्षार हा काही सेंटिमीटर जाडीच्या बिडाइतका अडसर ठरतो. पाणी गळून कमी झालेले असते आणि चालकाच्या ते ध्यानी येत नाही. पंख्याचा पट्टा सैल असतो. इंजिन गार राहावे या समजुतीने थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो. वास्तविक अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्याने काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परतते. या सर्वांवर कळस म्हणजे घाटात इंजिन उकळले की घाबऱ्या घाबऱ्या त्यात बादलीभर गार पाणी ओतणे. आजीच्या तव्याची गोष्ट येथेच खरी होते.

तडा ओळखावा कसा?

हेडला तडा गेल्याची लक्षणे घरातील मालकालाही कळण्यासारखी असतात. बाहेर कोठेही गळती नसताना रेडिएटरमधील पाणी रोज कमी होते. इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात. सकाळी गाडी सुरू करताना पांढरा, दमट धूर निघतो. तेलाची पट्टी ओढून पाहिली तर तेल ताकासारखे दिसते. हेडखालची गॅसकेट जळाली तरी याच खुणा दिसतात. म्हणून हेड उतरवून तपासल्याखेरीज निर्णय करू नये.

तपासणीचे प्रकार तीन. जुन्या पद्धतीत स्वच्छ केलेल्या हेडवर रॉकेल लावून पुसून घेत आणि वर खडूची पूड भुरभुरत. चिरेत मुरलेले रॉकेल पुन्हा वर येऊन खडूवर रेघ काढते. आज त्याच तत्त्वावर लाल रंगाचे द्रव फवारतात. दुसऱ्या पद्धतीत हेड चुंबकित करून त्यावर लोखंडाचा बारीक कीस टाकतात आणि तो चिरेच्या कडेने गोळा होतो. तिसरी पद्धत सर्वांत निर्णायक. हेडमधील पाण्याच्या सर्व वाटा पट्ट्या आणि रबर लावून बंद करतात, आत दोन-तीन बार दाबाची हवा भरतात, आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवितात. पाणी गरमच हवे, कारण थंडीत मिटलेली चीर उष्णतेने उघडते. जेथून बुडबुडे निघतील तेथे तडा आरपार आहे.

सांधण्याच्या तीन वाटा

पहिली वाट तापवून जोडण्याची. संपूर्ण हेड भट्टीत सहाशे ते सातशे अंशांपर्यंत हळूहळू तापवायचे, तडा कोरून काढायचा, गॅसच्या ज्योतीने बिडाचीच कांडी वितळवून तो भरायचा, आणि मग हेड राखेत किंवा चुन्यात पुरून एक-दोन दिवस निवू द्यायचे. घाई केली तर जोडाशेजारचे बीड काचेसारखे कठीण होते आणि तेथेच नवी चीर पडते. हे काम चांगले जमले तर जोड एकजीव होतो. परंतु हेड वाकण्याचा धोका असतो आणि सर्व पृष्ठभाग पुन्हा घासून सरळ करावे लागतात.

दुसरी वाट थंड वेल्डिंगची. येथे निकेलची कांडी वापरतात, कारण निकेल मऊ राहते. एका वेळी जेमतेम इंचभर जोड घालायचा, लगेच हातोडीने हलके ठोकून त्यातील ताण मोकळा करायचा, आणि हात लावता येईल इतके निवेपर्यंत थांबायचे. हेडच्या बाहेरील बाजूच्या तड्याला ही पद्धत चालते. आगीसमोरच्या पट्टीवर तिचा भरवसा कमी.

तिसरी वाट शिवणीची, आणि आम्हाला सर्वांत अधिक मोह पडला तो तिचाच. १९३० च्या दशकात अमेरिकेतील तेलक्षेत्रांत, जेथे ज्योत पेटविणे जिवावर बेतण्यासारखे होते, तेथे धातूला उष्णतेवाचून टाके घालण्याची रीत पुढे आली. तडा जेथे संपतो तेथे प्रथम एक छिद्र पाडतात, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तड्याच्या रेघेवर छिद्र पाडून त्यात आटे पाडायचे, आटे असलेली खुंटी घट्ट बसवायची, कापायची, आणि पुढचे छिद्र असे पाडायचे की ते आधीच्या खुंटीचाही थोडा भाग खाईल. अशी एकात एक अडकलेल्या खुंट्यांची माळ तयार होते. वॉल्व्हच्या बैठकीपर्यंत तडा गेला असेल तर खुंट्या बसविल्यावर तेथे खाच कोरून पोलादी कडे दाबून बसवितात आणि ते कडे जोडाला वरून आवळून धरते.

कोणतीही वाट घेतली तरी शेवटी दाबाची चाचणी पुन्हा केलीच पाहिजे. हेडची खालची बाजू सपाट आहे की नाही हे पट्टी आणि पात्यांनी मोजावे. घासताना गरजेपुरतेच घासावे, नाही तर वॉल्व्ह पिस्टनच्या फार जवळ येतात. बसविताना गॅसकेट नवी हवी, आणि बोल्ट मधल्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांत, दाब दाखविणाऱ्या पान्यानेच आवळावेत. केवळ मनगटाच्या अंदाजाने आवळलेले हेड पुन्हा तडकले तर दोष बिडाला देऊ नये.

दोघा भावांचा ट्रक

आम्ही तेथे असताना खानापूर तालुक्यातील दोघा भावांचा ट्रक आला होता. जुना टाटा १२१०, आत ६९७ जातीचे इंजिन. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणून हे नाव. एरवी विटा वाहणारी ही गाडी उसाच्या हंगामात कारखान्याला लावायची होती आणि हंगाम तोंडावर आला होता. हेड टाकीत बुडविल्यावर दोन ठिकाणांहून बुडबुडे निघाले. एक तडा तिसऱ्या सिलिंडरच्या दोन वॉल्व्हांमधला, आणि दुसरा, अगदी बारीक, पाचव्याच्या नोझलच्या छिद्रापाशी.

थोरल्या भावाने मिस्त्रींना बाजूला घेतले. “मामा, रेडिएटरात टाकायची ती पावडर मिळते की. महिनाभर पाणी धरलं तरी पुरे. गाडी काढून टाकतो.”

मिस्त्रींनी हात पुसले. “महिनाभर धरेलही, दादा. पण घेणारा कोण असेल? तुमच्यासारखाच कोणी तरी. दागिने ठेवून गाडी घेणार आणि पहिल्याच घाटात रस्त्यावर बसणार. ते काम मी करीत नाही.”

धाकटा इतका वेळ गप्प होता. तो एवढेच म्हणाला, “आपण तरी ही अशीच घेतली होती, दादा.”

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग थोरल्याने विचारले, “खर्च किती येईल ते सांगा.”

मिस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरचा तडा शिवण्याचे ठरविले. पाचव्याचा तडाही शिवला, परंतु त्याची हमी देत नाही हे आधीच स्पष्ट सांगितले. तो आणखी अर्धा इंच लांब असता तर हेड मोडीत घाला म्हणालो असतो, असेही ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी केलेली गोष्ट आम्हाला विशेष वाटली. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्यांनी रेडिएटर खोलून दोघा भावांना दाखविला. निम्म्याहून अधिक नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजल्या होत्या. थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती. “गुरुजी,” ते आमच्याकडे वळून म्हणाले, “तडा बुजवायला मला दोन दिवस लागतात. पण हे तसंच ठेवलं तर तो वर्षाच्या आत परत येणार. लोक हेडचे पैसे देतात, रेडिएटरचे देत नाहीत.” भावांनी दोन्हींचे दिले. ट्रक उसाच्या हंगामाला वेळेवर लागला, आणि हंगाम संपेपर्यंत पाणी कमी झाले नव्हते, असे आम्हाला पुढे कळले.

सांधावे की सोडावे?

केंद्र सरकारने २०२१ साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नूतनीकरणाचे शुल्क बरेच वाढले. जुन्या इंजिनाचा धूर आणि त्याला लागणारे जादा डिझेल यांचाही हिशेब करावयास हवाच. तेव्हा प्रत्येक जुने हेड सांधत बसावे, असे आम्ही म्हणणार नाही. तडा हेडच्या आतील वाटेपर्यंत पोहोचला असेल, एकाहून अधिक सिलिंडरांना ओलांडून गेला असेल, किंवा घासून घासून हेड आधीच पातळ झाले असेल, तर नवे हेड घेणे किंवा गाडीचा निरोप घेणे हेच शहाणपणाचे.

परंतु सांधायचे ठरविले तर घरातील कर्त्या माणसाने मिस्त्रींना चार प्रश्न अवश्य विचारावेत. तडा कोठे आहे, तो प्रत्यक्ष दाखवाल काय? दुरुस्तीनंतर दाबाची चाचणी माझ्यासमोर कराल काय? कोणत्या जोडाची हमी देता आणि कोणत्याची देत नाही? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, हा तडा पडला कशामुळे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर न देता जो केवळ पैसे सांगतो, त्याच्या हाती हेड देऊ नये.

चालकांनाही एक विनंती. इंजिन उकळले तर गाडी बाजूला घ्या आणि वाट पाहा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. ते कुकरसारखे दाबाखाली असते आणि आतले पाणी शंभर अंशांवर गेलेले असू शकते. इंजिन कोमट झाल्यावर, ते चालू ठेवून, पाणी थोडे थोडे घाला. शक्य तेथे गंज आणि क्षार रोखणारे कूलंट वापरा, निदान जड पाणी तरी टाळा. यासाठी अर्धा तास मोडेल, भाडेही थोडे उशिरा पोहोचेल. पण त्या अर्ध्या तासाने वाचलेले हेड पुढची कित्येक वर्षे घर चालविते.