खेळणं कोणाचं, आणि किती?

मागच्या व्याख्यानात आपण गरज आणि इच्छा यांतला फरक पाहिला. त्यानंतर बऱ्याच श्रोत्यांनी एकच गोष्ट विचारली: हे लहान मुलांशी बोलायचं कसं? दुकानात एकीकडे गुलाबी कपाट, दुसरीकडे निळं, आणि हाताला धरलेली सहा वर्षांची नात. काय सांगायचं तिला? आज तेवढंच घेऊ.

एक खरं प्रकरण सांगतो. १९९२ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने बोलणारी बार्बी बाजारात आणली. बटण दाबलं की ती एखादं वाक्य म्हणायची. वाक्यं एकूण २७०, आणि एकेका बाहुलीत त्यांतली फक्त चार. त्यांत एक वाक्य असं होतं, की गणिताचा तास फार अवघड असतो बाई! उच्चशिक्षित स्त्रियांच्या तिथल्या एका जुन्या संघटनेने आक्षेप घेतला आणि कंपनीने ते वाक्य काढलं. पुढच्याच वर्षी, नाताळच्या सुमारास, ‘बार्बी मुक्ती संघटना’ असं नाव घेतलेल्या काही कलावंतांनी गंमत केली. त्यांनी बोलणारी बार्बी आणि बोलणारा जी. आय. जो हा सैनिक, दोघांनाही दुकानातून विकत आणलं, आतली आवाजाची यंत्रं अदलाबदल केली आणि खोकी परत दुकानात नेऊन ठेवली. मग काय, बार्बी दणदणीत आवाजात सूड घ्यायची भाषा करू लागली आणि सैनिक लग्नाची स्वप्नं रंगवू लागला!

ही गोष्ट मुलांना सांगून बघा. हसतात. मग त्यांना एवढंच विचारायचं, “हसू का आलं रे?” मूल म्हणेल, सैनिक असं कुठे बोलतो? बरं, का नाही बोलत? सैनिकाचं लग्न होत नाही का? इथे मूल थबकतं. आपल्या मनात एक अपेक्षा आधीपासून बसलेली होती, हे त्याला त्याच्याच हसण्यातून कळतं. आपण ‘हा रूढ साचा आहे बाळा’ असं प्रवचन दिलं असतं, तर ते कळलं नसतं. मॅथ्यू लिपमन या तत्त्वज्ञाने १९७०च्या दशकात मुलांसाठी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम उभा केला, तो याच भरवशावर: मुलांना कारणं मागता येतात आणि देताही येतात.

नावाचंही असंच. हा जी. आय. जो १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने काढला. उंची बार्बीएवढीच, कपडे बदलता येतात, सामान वेगळं विकत घ्यायचं. म्हणजे बाहुलीच की! पण ‘बाहुली’ म्हटलं तर मुलगे हात लावणार नाहीत, म्हणून कंपनीने नवा शब्द काढला, ‘अ‍ॅक्शन फिगर’. वस्तू तीच, शब्द बदलला. आणि रंगांचं म्हणाल, तर १९१८ साली अमेरिकेतल्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी रंग मुलग्यांना सुचवला होता, तो जास्त ठसठशीत म्हणून. निळा नाजूक, तो मुलींना. आठ वर्षांच्या मुलाला हे सांगितलं की त्याला फार मजा वाटते.

आता जरा अडचणीच्या भागाकडे येऊ. बोलक्या बार्बीच्या वाक्यांत आणखी दोन होती. एकात तिला खरेदी भारी आवडते, दुसऱ्यात आपल्याकडे कधी पुरेसे कपडे होतील का, अशी तिला चिंता पडते. वाद पेटला तो गणिताच्या वाक्यावरून. आमच्या मते ही दोन वाक्यं जास्त घातक होती. कारण गणिताचं वाक्य काढणं कंपनीला सोपं गेलं. मुलींसाठी शास्त्रज्ञ बाहुली पाहिजे? देतो की, घ्या, आणखी एक! २०१४ साली लेगोने तीन स्त्री शास्त्रज्ञांचा संच काढला, तो हातोहात संपला. चांगला संच होता, आमची तक्रार नाही. पण ‘हे मुलींचं का?’ एवढंच विचारलं, तर बाजाराकडे उत्तर तयार असतं, आणि ते उत्तरही विकत घ्यावं लागतं. म्हणून त्याच्या जोडीने ‘किती?’ हेही मुलाशी बोललं पाहिजे. ताईची सायकल गुलाबी असली की धाकट्या भावाला चालत नाही. मग दुसरी सायकल. यात फायदा कोणाचा झाला? हे गणित दुसरीतल्या मुलालाही येतं.

रोलां बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९५७ सालच्या पुस्तकात खेळण्यांवर एक छोटा लेख लिहिला आहे. त्याचं म्हणणं असं, की तयार खेळणं मुलाला मालक बनवतं, वापरणारा बनवतं. निर्माता बनवत नाही. हे वाचताना आम्हाला अरविंद गुप्तांची खेळणी आठवतात. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घरं उभी राहतात. ते खेळणं मुलाचं की मुलीचं, हे कुणी विचारत नाही. पण जुनं ते सोनं म्हणून गळा काढू नका, बरं का. आपली भातुकली काय होती? सावंतवाडीची रंगीत लाकडी असो की तांब्या-पितळेची, चूल, पोळपाट, जातं, आणि सगळं मुलीच्या पुढ्यात. तिथे जाहिरात नव्हती, पण साचा होताच.

एक श्रोते विचारतात, “सर, एवढं बोलूनही तिला ती गुलाबी बाहुलीच हवी असेल तर?” असेल ना! तिची आवड खोटी नाही. ‘शी, असलं काय मागतेस’ म्हटलंत, तर ती बाहुली नव्हे, मागणं सोडेल. म्हणजे तुमच्याशी बोलणं सोडेल. परवडत असेल आणि घरात आधीच तीन नसतील, तर घ्या. नसेल परवडत, तर ‘या महिन्यात पैसे नाहीत’ असं सरळ सांगा. ते कारण तत्त्वाच्या वेष्टनात गुंडाळू नका. मुलांना ते लगेच कळतं. आणि घेतलीत, तर घरी आल्यावर भावालाही तिच्याशी खेळू द्या.