मरीनाची वाळू कोठून आली?

चेन्नईची मरीना पुळण आपण निदान चित्रात तरी पाहिलेली असते. दीडशे वर्षांपूर्वी ती इतकी रुंद नव्हती. १८७६ मध्ये तेथे बंदराचे काम सुरू झाले, समुद्रात दगडी भिंती गेल्या आणि त्यांच्या दक्षिणेस वाळू साठत गेली.

ही वाळू आली कशी? लाट किनाऱ्यावर बहुधा तिरपी चढते आणि वाळूचे कणही तिरपेच वर नेते. परतीचे पाणी मात्र उताराने सरळ खाली येते. म्हणून कण मूळ जागी न पडता थोडा बाजूला पडतो, पुढच्या लाटेने आणखी थोडा. शिवाय फुटणाऱ्या लाटांमुळे किनाऱ्यालगत प्रवाह निर्माण होतो, तोही वाळू वाहून नेतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ही दिशा उलटते. पण वर्षाचा हिशेब मांडला तर चेन्नईजवळ वाळू उत्तरेकडेच जाते.

भिंतींनी वाळू अडवली, लाटा नव्हे. त्यामुळे उत्तरेकडील रोयापुरमला नवी वाळू मिळेना आणि असलेली वाहून जाऊ लागली. कोळ्यांच्या वस्त्यांपर्यंत समुद्र आला. तेथे दगडी बांध घातले, तर धूप आणखी उत्तरेस सरकली!

वर्गात हे करून पाहू. परातीत एका बाजूस ओल्या वाळूचा उतार करून पाणी ओतू. उतारात एक पट्टी आडवी रोवू आणि दुसरीने तिरप्या लाटा उठवू. परात मोठीच घ्यावी; लहान परातीत लाटा काठावरून उलटतात आणि सगळाच घोटाळा होतो. रोवलेल्या पट्टीच्या कोणत्या बाजूस वाळू साठेल, हे मुलांना आधी वहीत लिहायला सांगू.