पुढचं काय तुटणार?

शेजाऱ्यांच्या गॅरेजात भिंतीवर खिळ्याला एक वाकडा कनेक्टिंग रॉड टांगलेला आहे. आपल्याकडे दाराला लिंबू-मिरची टांगतात, तसा. १९८६ सालच्या व्होल्व्होतला तो रॉड. टर्बोचा दाब हौसेनं वाढवला आणि तिसऱ्या सिलिंडरचा रॉड उसासारखा वाकला. "कंपनीचा दोष नाही, माझ्या हावरेपणाचा," असं ते आलेल्या प्रत्येकाला सांगतात.

(स्वीडिशमध्ये मी त्यांना 'तू'च म्हणतो. साठच्या दशकाअखेरीस इथल्या लोकांनी अहो-जाहो निकालात काढलं. पण मराठीत लिहायला बसलं की सत्तरीच्या माणसाला 'तो' म्हणवत नाही.)

गोथेनबर्गच्या नोव्हेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. घरात बसवेना म्हणून मी त्यांच्याकडे जायला लागलो. तेव्हा १९९५ची व्होल्व्हो ९४० टर्बो गॅरेजात उभी होती, बॉनेट काढलेलं, आणि इंजिन स्टँडवर उलटं लटकत होतं. मी विचारलं, "किती एचपी काढणार?" कोल्हापूरच्या माणसाला पहिला प्रश्न हाच सुचतो. मान वर न करता ते म्हणाले, "आधी काय तुटेल ते बघतोय."

इंजिनाचं नाव बी२३०एफटी. चार सिलिंडर, २,३१६ सीसी, बोअर ९६ मिलिमीटर, स्ट्रोक ८०. बिडाचा हा ब्लॉक लाल रंगवलेला असतो, म्हणून सगळे त्याला 'रेडब्लॉक' म्हणतात. कारखान्यातून निघताना ताकद १६५ एचपी. शेजाऱ्यांना हवेत ३५०. हा आकडा उगाच आलेला नाही. १९८५ साली याच घराण्यातल्या २४० टर्बोनं युरोपियन टूरिंग कार अजिंक्यपद जिंकलं. रस्त्यावरच्या २४० टर्बोला १५५ एचपी होते, शर्यतीतलीला साडेतीनशेच्या आसपास. कपाटासारख्या चौकोनी त्या गाडीला लोक 'उडती वीट' म्हणत. शेजारी तेव्हा ऐन तिशीत होते. बाकी काही सांगायला नको.

टर्बोच्या गाडीत आकडा वाढवणं तसं पोरखेळ आहे. एक्झॉस्टच्या झोतावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. किती कोंबायची ते वेस्टगेट नावाची झडप ठरवते. ती उशिरा उघडेल असं केलं की झालं. पाच मिनिटांचं काम. १९८६च्या गाडीला त्यांनी तेच केलं होतं. त्या काळच्या रॉडची मधली दांडी जेमतेम नऊ मिलिमीटर जाड होती. नव्वदनंतर ती तेरा झाली. म्हणजे ९५च्या या इंजिनात दणकट रॉड होतेच, तरी शेजाऱ्यांनी तेही बाजूला ठेवून फोर्ज केलेले मागवले. स्फोटाचा दाब रॉडला वरून दाबतो, हे कुणालाही कळतं. पण इंजिन सहा हजार आरपीएमवर गेलं की वर निघालेला पिस्टन जागच्या जागी थांबवून परत खाली ओढायचा असतो, सेकंदाला शंभर वेळा. ती ओढ रॉडच्या दोन बोल्टांवर येते. "दाबानं रॉड वाकतो, वेगानं बोल्ट तुटतो. वाकलेला भिंतीवर लावता येतो. बोल्ट तुटला तर ब्लॉकला खिडकी पडते."

नवे पिस्टनही फोर्ज केलेले. ते तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून त्यांना सिलिंडरमध्ये जास्त सैल ठेवावं लागतं. थंड इंजिन सकाळी थोडं खुळखुळतं. ब्लॉक बोअरिंगला देऊन ९६.३ करून आणला होता. आत बॅटरी मारली तर होनिंगच्या तिरक्या रेघांची नक्षी दिसली, आणि मला एकदम मामांचं उद्यमनगरातलं बोअरिंगचं दुकान आठवलं. मामा ट्रॅक्टरची इंजिनं करायचे. रेघा बघून म्हणायचे, गुळगुळीत भिंतीला तेल धरत नाही. हेच वाक्य मी मोडक्या स्वीडिशमध्ये शेजाऱ्यांना ऐकवलं, आणि त्या दिवसापासून मला कानस हातात मिळाली.

रिंगांचं काम मात्र माणसाचा अंत बघतं. पिस्टनची रिंग पूर्ण गोल नसते, तिच्या दोन टोकांत फट असते. टर्बोच्या वाढीव उष्णतेत रिंग लांब होते. फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते आणि पिस्टनचा काठ उचकटून निघतो. फट फार झाली तर तिथून दाब गळतो. नव्या रिंगा आल्या तेव्हा फट होती ०.३० मिलिमीटर. शेजाऱ्यांना हवी होती ०.५०. रिंग बोअरमध्ये घालायची, उलट्या पिस्टननं ढकलून सरळ करायची, फीलर गेज घालायचा, काढायची, एकाच टोकाला घासायची, तेही बाहेरून आत, म्हणजे वरचा मुलामा उडत नाही. मग धारेवरची कूस काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून. वरच्या चार आणि दुसऱ्या चार. संध्याकाळचे तीन तास गेले, आणि सातवी माझ्या हातून ०.७० झाली. ते काही बोलले नाहीत. कॉफी ओतली, शांतपणे नव्या रिंगेची ऑर्डर दिली. बिघडलेली रिंग माझ्या टेबलावर आहे. तिच्यात मी पेन्सिली ठेवतो.

हेड बसवताना शब्द नको असा त्यांचा नियम आहे. मूळ बोल्टांना आधी २० न्यूटन-मीटर, मग ६०, मग आणखी नव्वद अंश, अशी कंपनीची रीत. इथे बोल्टांऐवजी स्टड, त्यांचा आकडा वेगळा, पण क्रम तोच: मधून बाहेर.

टर्बो आला ट्रकचा. होल्सेटचा, डिझेल इंजिनावरचा, लहान कलिंगडाएवढा. तो जागा व्हायलाच वेळ घेतो. साडेतीन हजार आरपीएमपर्यंत गाडी म्हशीसारखी चालते, नंतर मागून कुणी लाथ घातल्यासारखी. मला स्वतःला ही तऱ्हा आवडत नाही. शहरातल्या सिग्नलला तिचा उपयोग शून्य.

आणि हवा दाबली की तापते. बाहेर वीस अंश असलेली हवा एक बार दाबली तर टर्बोतून शंभरच्या वर तापमानानं बाहेर पडते. इंटरकूलर ती थंड करतो, पण पुरेशी नाही झाली तर सिलिंडरमध्ये ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकतं. टकटक ऐकू येते. कधी तीही येत नाही, थेट पिस्टन फुटतो. यावर स्वीडनमधल्या हौशी लोकांनी स्वस्तातला उपाय शोधलाय: पंपावर मिळणारं ई८५, पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता खेचतं आणि सहजासहजी आपणहून पेटत नाही. तोटा इतकाच की तीसेक टक्के जास्त लागतं आणि थंडीत गाडी चालू होताना रुसते; म्हणून हिवाळ्यात पंपवालेच इथेनॉल कमी करतात. टाकीचं झाकण उघडलं आणि तो वास आला. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीवरून एसटी जाताना येतो तोच. चार हजार मैलांहून लांब, बर्फात उभं राहून मी कागल रस्त्यावर पोचलो.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं मार्चमध्ये. आधी प्लग काढून नुसता स्टार्टर मारला, तेलाचा काटा वर चढेपर्यंत. मग चावी. दुसऱ्या फेऱ्यात धरलं. पिस्टनची खुळखुळ ऐकून मी दचकलो; शेजारी हसत होते.

एप्रिलमध्ये गाडी ताकद मोजायच्या रोलरवर चढवली. लॅपटॉप घेतलेला पोरगा इंधन आणि टायमिंगचे आकडे भरत होता. ०.६ बार, मग ०.९, मग १.२. प्रत्येक फेरीनंतर शेजारी प्लग काढून भिंगातून बघायचे, अॅल्युमिनियमचे बारीक ठिपके आहेत का. असले तर पिस्टन वितळायला लागलाय. नव्हते. १.२ला ३१८ एचपी दिसले. पोरानं १.४ लावला. चार हजारांवर काटा सरसर वर पळाला, रोलर मात्र होता त्याच वेगानं फिरत राहिला, आणि खोलीत जळक्या पत्र्यासारखा वास भरला.

शेजाऱ्यांनी हात वर करून थांबवलं. खिशातून पेन्सिल काढली, घडी घातलेल्या कागदावरच्या खोडलेल्या ओळींखाली लिहिलं: क्लच.