गवंड्यांनी सजवलेला गोठा

धर्मशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून येशूचा जन्म गोठ्यात झाला. पोलंडमधील क्राकूव्ह शहरात मात्र हा गोठा राजवाड्यासारखा झगमगतो! नाताळातल्या या देखाव्याला तिथे ‘शोप्का’ म्हणतात. शब्दाचा अर्थ अगदी साधा, छोटीशी छपरी.

या वैभवामागे गरिबी आहे. एकोणिसाव्या शतकात कडाक्याच्या थंडीत बांधकामे बंद पडत आणि गवंड्यांच्या हातांना काम नसे. मग ते पुठ्ठा, लाकूड आणि रंगीत कागद घेऊन शोप्का रचत. ती घरोघरी नेऊन गाणी म्हणत, बाहुल्यांचा खेळ करत आणि चार पैसे मिळवत. शोप्कात त्यांनी आपलेच शहर उभे केले. सेंट मेरी चर्चचे एक उंच, एक ठेंगणा असे दोन मनोरे तर आजही हमखास दिसतात.

१९३७ मध्ये शोप्कांची स्पर्धा सुरू झाली. महायुद्धात ती बंद पडली, पण १९४५ मध्ये पुन्हा भरली. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी लहानथोर आपापली शोप्का घेऊन मुख्य चौकात जमतात. चॉकलेटच्या चकचकीत वेष्टनांचेही इथे सोने होते! २०१८ मध्ये युनेस्कोने या कलेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

२४ डिसेंबरला पोलिश घरांत गोठ्याची आठवण म्हणून टेबलावरच्या कापडाखाली गवत पसरतात. पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात. एक ताट मात्र जास्तीचे मांडलेले असते. अवचित दारी येणाऱ्याला ‘जागा नाही’ म्हणायची वेळ पुन्हा येऊ नये, म्हणून!