उबदार आणि कोरडे घर

श्रोतेहो, बीड जिल्हा म्हटला की लोकांना दुष्काळ आठवतो, पाण्याचे टँकर आठवतात. अशा कोरड्या जिल्ह्यात घरातील ओलीविषयी काय बोलायचे, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे वर्षाकाठी सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. पण तो पडतो तेव्हा एकदम कोसळतो, आणि आपली काळी माती त्याचे पाणी धरून ठेवते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा बीड जिल्ह्यातही अनेक घरांत पाणी शिरले. पाणी ओसरते, पण भिंतीत मुरलेली ओल पुढे कित्येक आठवडे राहते. आणि तिच्या पाठोपाठ थंडी येते. ओल आणि गारठा एकत्र आले म्हणजे लहान मुलांचा खोकला हटत नाही आणि म्हाताऱ्या माणसांचा दमा उसळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. थंडीच्या दिवसांत घरातील तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे पौषात पहाटे बाहेरचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा हा विषय परक्या देशाचा नव्हे, आपलाच आहे.

ओल घरात तीन वाटांनी येते : खालून, वरून आणि आतून.

खालची वाट जमिनीची. दिव्याच्या वातीतून तेल जसे वर चढते, तसे मातीतले पाणी भिंतीतून वर चढते. पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी सुकते आणि मागे पांढरी बुरशीसारखी भुकटी उरते. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो तो हाच. पुष्कळ लोक त्यावर सिमेंटचा गिलावा करतात. मातीच्या भिंतीला असा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायची बंद होते, आणि ती आणखी वर चढते. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा बरा. खरा उपाय मात्र भिंतीच्या पायाशी करायचा. घराभोवतीची जमीन भिंतीपासून बाहेर उतरती करावी, चर काढून पाणी दूर न्यावे, आणि न्हाणीचे सांडपाणी भिंतीलगत मुळीच मुरू देऊ नये. नवे घर बांधणाराने जोते उंच घ्यावे आणि जोत्यावर ओल अडवणारा पक्का थर घातल्याशिवाय भिंत उचलू नये.

वरची वाट छपराची. आपली जुनी घरे माळवदाची. तुळया, त्यांवर लाकडी चिपा आणि वर पांढरीच्या मातीचा जाड थर. हे माळवद उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार, कारण माती हळूहळू तापते आणि हळूहळूच निवते. परंतु ते गळू लागले की आपण वर आणखी माती टाकतो. वर्षानुवर्षे असे केले म्हणजे छपराचे ओझे वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि अशी जड छपरे अंगावर कोसळूनच. म्हणून माळवद दुरुस्त करताना आधी जुना थर खरवडून काढावा, मगच नवा घालावा. पावसाळ्यापूर्वी पन्हाळी मोकळ्या कराव्यात. आणि तुळईला वाळवी लागली असेल तर थांबू नये.

किल्लारीनंतर पुष्कळांनी पत्रा घातला. पत्रा हलका, त्याची भीती कमी. पण तो रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे भराभर टाकून देतो आणि बर्फासारखा गार पडतो. पहाटे त्याच्या खालच्या अंगाला थेंब जमतात, अंथरुणावर टपटप पडतात. पत्रा गळत नसतो बरं का. ते आपल्याच श्वासाचे पाणी असते! पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे आढे बांधले, तर मधली हवा गोधडीसारखी काम करते. उन्हाळ्यातही त्याचा तेवढाच उपयोग.

ही झाली तिसरी, म्हणजे आतली वाट. झोपलेला एक माणूस रात्रभरात पेलाभर पाणी हवेत सोडतो. खोलीत सहाजण असतील तर हिशोब तुम्हीच करा. चूल गेली आणि गॅस आला म्हणून ओल गेली असेही नाही. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन घरात येते. ते बाहेर जायला वाट हवी. आपल्या वाडवडिलांनी माळवदाला भोक ठेवले होते; कोणी त्याला साणे म्हणतात, कोणी सवणे. धूर आणि वाफ वर चढते, म्हणून वाट वरच हवी. दाराखालची फट पोत्याने बंद करावी, पण छपराजवळचा झरोका बंद करू नये. हवा डोक्यावरून जावी, अंगावर येऊ नये.

इथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. थंडीत दारे-खिडक्या लावून घरात निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. बाळंतिणीच्या बाजेखाली तर आवर्जून ठेवतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही. बाळाला ऊब द्यायची तर त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरावे, वरून दोघांना पांघरूण घालावे आणि बाळाला टोपी घालावी. ही ऊब शेगडीपेक्षा चांगली आणि निर्धोक.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांविषयी. दिवाळीच्या सुमारास ही माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि ऐन थंडी पाण्याने भिजलेल्या उसाच्या रानाशेजारी, कोपीत काढतात. कोपी घालताना जागा उंचवट्याची पाहावी, भोवती चर काढावा. जमिनीवर आधी प्लॅस्टिकचा कागद, त्यावर कोरड्या पाचटाचा जाड थर आणि मग वाकळ घालावी. अंगाखालून जाणारी ऊब पांघरुणाने परत येत नाही. पाचट क्षणात पेटते, म्हणून चूल कोपीबाहेरच हवी. गावी मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि नातवंडे. निघण्यापूर्वी त्यांच्या वाकळा उन्हात कडकडीत वाळवाव्यात, पत्र्याची भोके बुजवावीत, आणि त्यांचे अंथरूण ओल्या भिंतीपासून हातभर दूर घालावे. घरात कोणाला क्षयरोग असेल तर रोज ऊन आणि वारा खोलीत आलाच पाहिजे. त्याचे जंतू कोंडलेल्या हवेत टिकून राहतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा धडा फळ्यावर शिकवू नका. ताटलीत रंगीत पाणी घ्या, त्यात विटेचा कोरडा तुकडा उभा ठेवा. पाणी कसे चढते ते मुलांना दिसेल. मग प्रत्येकाने घरच्या ओल्या भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती घरातल्या हवेतली आहे. पहिल्या घराला चर आणि उतार हवा, दुसऱ्या घराला झरोका. एवढे समजले तर सिमेंटवर फुकट जाणारा पैसा वाचेल.

यांतल्या बहुतेक कामांना कुदळ, पाटी आणि घरच्या माणसांचे हात पुरतात. पुढचा पाऊस येण्याआधी निदान भिंतीलगतचे पाणी तरी दूर काढून द्या.